पत्ता उजवीकडून वाचायचा

गुहागर तालुक्यातल्या एका शाळेत मी आठवीच्या मुलांचा इंटरनेटचा तास घेतो. पाऊस लागला की तिथे आधी वीज जाते, मग रेंज जाते आणि संगणकाच्या खोलीला कुलूप लागतं. त्यामुळे हा तास खडू-फळ्यावर होतो. माझ्या मते तो तसाच जास्त चांगला होतो.

"अनोळखी लिंकवर क्लिक करू नका" ही सूचना मुलांनी हजारदा ऐकलेली असते, पण तिचा उपयोग फारसा होत नाही. कारण लिंक येते ती मामाकडून, मुंबईच्या काकूकडून, नाहीतर वर्गाच्या ग्रुपवरून. पाठवणारा घरचाच असतो आणि त्यालाही ती कुणीतरी पुढे ढकललेली असते. अनोळखी असतो तो लिंकमधला पत्ता, आणि तो कसा वाचायचा हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून मी फळ्यावर आधी पाकिटावरचा पत्ता लिहितो. मधलीवाडी, मग गाव, मग ता. गुहागर, जि. रत्नागिरी, शेवटी पिनकोड. मधलीवाडी कोकणात गावोगाव सापडेल. नुसतं 'मधलीवाडी' लिहून टाकलेलं पत्र पोचायचं कुठे? टपालात पत्ता शेवटाकडून वाचतात. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला. त्याची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृत कवीही. पिनचा पहिला आकडा मोठा विभाग सांगतो, पुढचे आकडे पत्राला जवळजवळ नेत नेत पोस्टापर्यंत आणून सोडतात. वाडी आणि घर शोधायचं काम सगळ्यात शेवटी, पोस्टमनचं.

इंटरनेटवरचा पत्ताही असाच मागून वाचायचा. दहावीचे निकाल ज्यावर लागत आलेत त्या 'महरिझल्ट डॉट एनआयसी डॉट इन' या पत्त्यात 'इन' म्हणजे जिल्हा, 'एनआयसी' म्हणजे तालुका आणि 'महरिझल्ट' म्हणजे गाव. संगणकसुद्धा उजवीकडूनच सुरुवात करतो. आधी विचारतो, 'इन'चा हिशेब कुणाकडे? त्यांच्याकडे जाऊन विचारतो, 'एनआयसी' कुठे? असं विचारत विचारत तो त्या यंत्राच्या आकडी पत्त्यापर्यंत पोचतो. ही पद्धत अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये मांडली. त्याआधी जगभरातल्या यंत्रांची नावं एकाच यादीत ठेवलेली असत आणि ती यादी कॅलिफोर्नियातली एक संस्था सांभाळत असे.

मग मी सहा मुलांना पुढे बोलावतो आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कागद देतो. महरिझल्ट. एनआयसी. इन. इथपर्यंत वर्ग निवांत असतो. मग त्यांच्या उजवीकडे आणखी तिघं उभी राहतात. निकाल. अमुकतमुक. टॉप. मध्ये सगळीकडे डॉट. आता उजवीकडून वाचा म्हटलं की वर्गात चुळबुळ सुरू होते. जिल्हा 'टॉप', मध्ये तालुका नाहीच, थेट गाव 'अमुकतमुक', आणि डावीकडच्या चारही जणांच्या हातात नुसत्या वाड्या! गावाचं नाव वर्षाला काही रुपये भरून कुणीही विकत घेऊ शकतो. एकदा गाव आपलं झालं की त्यात हव्या तितक्या वाड्या वसवाव्यात, त्यांना हवी ती नावं द्यावीत, कुणाची परवानगी लागत नाही. गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हंजे सर, गाव येगलाच हाय, वाडीला नाव नुसता आपला दिलानीत." इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ आली की गाव-तालुका तिथे संपला. त्या रेघेपलीकडे सरकारचं नाव असो की बँकेचं, त्याला काही अर्थ नाही. 'जीओव्ही डॉट इन' आणि 'एनआयसी डॉट इन' ही शेपटं मात्र सरकारी कार्यालयांनाच मिळतात.

हमखास येणारा पुढचा प्रश्न: "पण सर, कुलूप होतं की!" पत्त्याशेजारच्या त्या छोट्या कुलपाने भल्याभल्यांना फसवलंय. इथे मी आंब्याची पेटी काढतो. पेटीवर 'देवगड हापूस' छापलेलं, पट्ट्या घट्ट ठोकलेल्या, आणि उघडल्यावर आतला आंबा कानडी वर्तमानपत्रात गुंडाळलेला. पेटी वाटेत कुणी फोडली नाही एवढंच त्या पट्ट्या सांगतात. कुलपाचंही तसंच. तुमचा फोन आणि समोरचं यंत्र आपसात एक गुप्त किल्ली ठरवतात, मधल्या कुणाला त्यांचं बोलणं वाचता येत नाही. भर बाजारात बोलूनही दोघांनाच कळेल अशी किल्ली ठरवता येते, हे डिफी आणि हेलमन या दोन अमेरिकी संशोधकांनी 1976 मध्ये दाखवलं. मला हा गणितातला एक चमत्कारच वाटतो. पण पेटी भरली कुणी, ते कुलूप सांगत नाही. 'अमुकतमुक डॉट टॉप'वाल्यालाही ते काही मिनिटांत आणि फुकट मिळतं. लोक कुलपाला भरवशाची खूण समजतात, म्हणून क्रोमने 2023 मध्ये ते चित्रच काढून टाकलं.

अक्षरांचीही एक फसवणूक आहे. घाईने लिहिलेला 'ख' आपण 'रव' वाचतो, तसाच रशियन लिपीतला 'अ' इंग्रजी 'ए'सारखा हुबेहूब दिसतो. अशी भेसळ बरेच ब्राउझर आता पकडतात, सगळी नाही. म्हणून बँकेचा नाहीतर रेल्वे तिकिटाचा पत्ता आपल्या हाताने टाइप करावा, आलेल्या लिंकवरून जाऊ नये.

एवढं शिकवूनही मुलं चुकतात. मीही चुकेन. मला खरी काळजी वाटते ती चुकीनंतरच्या गप्प बसण्याची. एका मुलाने बक्षीस मिळणार म्हणून आईच्या फोनवर यूपीआयचा पिन टाकला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. वडील मासेमारीला गेलेले, परत आले की मार बसेल या भीतीने तो चार दिवस कुणाशी बोलला नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. चार दिवसांनी ते कुठे सापडणार? त्याच्या वडिलांना मी भेटलो, तेव्हा जाळं विणता विणता ते एवढंच म्हणाले, "माका त्याच दिवशी सांगला असता तर मी काय केला असता?" आणि उत्तर त्यांनाच देता येईना.

त्यानंतर मी पालकसभेत मुलांसमोर पालकांकडून एक वाक्य म्हणवून घेतो: "आधी सांग, मी रागावणार नाही." काही जण लाजतात, काही जण हसतात, पण म्हणतात. आणि मुलं त्या वेळी आपल्या आईबापाच्या तोंडाकडे बघत असतात.