कासचं तिकीट सरकारच्या तिजोरीत जातं का?

फुलं उमलली की हा समज दरवर्षी नव्याने फिरू लागतो: कास पठारावरची प्रवेश फी म्हणजे सरकारी वसुली, गावांच्या वाट्याला फक्त गर्दी आणि कचरा. हे खरं नाही.

साताऱ्यापासून साधारण 25 किलोमीटरवरचं हे पठार पश्चिम घाटासोबत 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलं. पण हंगामातली रोजची राखण आणि फी गोळा करणं हे काम वनविभागाच्या जोडीने आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती करते. त्यातूनच नाक्यावरच्या, पार्किंगमधल्या, फुलांजवळ उभ्या असलेल्या स्थानिक पोरांना रोजगार मिळतो. ‘पायवाट सोडू नका’ म्हणणाऱ्यावर डाफरण्याआधी एवढं जरूर लक्षात घ्या.

पैसा निसटतो तो दुसरीकडेच. पहाटे पुण्याहून निघायचं, घरचा डबा खायचा, फोटो काढून संध्याकाळी परत. अशा सहलीतून गावात तिकिटापलीकडे जवळपास काही उरत नाही. तोच पाहुणा जवळच्या बामणोली गावात मुक्कामाला राहिला, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात बोटीने फिरला, कुणाच्या घरी पिठलं-भाकरी जेवला, तर पैसा बोटवाल्याकडे, रांधणाऱ्या बाईकडे, दूध घालणाऱ्याकडे जातो. शिवाय फुलांचा बहर जेमतेम दोन महिने. पावसाळ्यानंतर कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्याची बोटीने जायची वाट खुली होते, तेव्हा याच बोटींना हिवाळाभर काम मिळतं. ते जंगल शाबूत आहे म्हणूनच हे काम मिळतं.