प्राणहितेत धारेविरुद्ध जाताना : आमच्या प्रवाशांसाठी माहिती

सिरोंच्याच्या घाटावरून प्राणहितेत वरच्या अंगाला जाण्यासाठी नाव ठरवणारे प्रवासी आम्हाला बहुधा एकच प्रश्न विचारतात : अंतर तेवढेच असताना जाण्याचे भाडे येण्यापेक्षा जास्त का? आम्ही भाडे अंतरावर नव्हे, तर इंजिन चालण्याच्या वेळेवर घेतो, हे त्याचे उत्तर आहे. माणसे बसलेली आमची नाव स्थिर पाण्यात तासाला १२ किलोमीटर जाते. धार तासाला ३.६ किलोमीटरची असेल, तर वर चढताना हाती ८.४ उरतात आणि १२ किलोमीटरला सुमारे १ तास २६ मिनिटे लागतात. धार दुप्पट झाली की त्याच अंतराला अडीच तास लागतात. परतताना मात्र तेच अंतर ३८ मिनिटांत संपते.

धार आम्ही रोज सकाळी मोजतो. काठावर २० मीटरच्या अंतराने दोन खुंट्या ठोकलेल्या आहेत. वरच्या खुंटीसमोर नावेतून वाळकी काडी पाण्यात सोडायची आणि ती खालच्या खुंटीपर्यंत किती सेकंदांत पोहोचते ते पाहायचे. २० सेकंद लागले तर नाव निघते. १० सेकंदांच्या आत काडी गेली, तर त्या दिवशी नाव वर जात नाही, मग प्रवासी कितीही घाईत असोत. ही मोजणी आम्ही मुद्दाम घाटापासून बरीच वर करतो. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी भरलेली असली की तिचा फुगवटा प्राणहितेच्या मुखात शिरतो. त्यामुळे घाटावरचे पाणी संथ दिसते, आणि खरी धार पुढे गेल्यावर लागते.

आभाळ मोकळे असतानाही आम्ही नकार देतो, तेव्हा कृपया राग मानू नये. प्राणहितेत वर्धा आणि वैनगंगा या दोन्ही नद्यांचे पाणी येते. त्यांपैकी एक बैतूल जिल्ह्यात उगम पावते, तर दुसरी सिवनी जिल्ह्यात. तिकडे झालेला पाऊस किंवा वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांपैकी काही उघडल्यावर सुटलेले पाणी येथे उशिरा पोहोचते, आणि तोवर येथे कडक ऊनही असू शकते. म्हणून आदल्या संध्याकाळी पाण्याच्या कडेला रोवलेली काडी सकाळी बुडालेली दिसली, की आम्ही तिच्यावरच विश्वास ठेवतो.

नावाडी सरळ न जाता एका काठावरून दुसऱ्या काठाला का जातो, हेही सांगणे आवश्यक आहे. वळणावर बाहेरच्या काठाचे पाणी खोल आणि वेगवान असते. आतल्या काठाला ते संथ असले तरी तेथे रेती साचलेली असते. नावाडी आतल्या काठाने, बांबूने तळ चाचपत चढतो, आणि पुढच्या वळणावर संथ काठ पलीकडे गेला की नदी ओलांडतो. ओलांडताना नावेचे तोंड धारेकडे तिरके ठेवावे लागते, कारण नाव आडवी झाली की धार तिला एका अंगाने दाबते. त्या वेळी उभे राहणे, जागा बदलणे किंवा छायाचित्रासाठी सर्वांनी एका बाजूला येणे अत्यंत धोक्याचे आहे.

एकदा पाण्याखालच्या खडकाला लागून आमच्या इंजिनाच्या पंख्याची पिन तुटली होती. नाव क्षणात मागे सरकू लागली. नांगर टाकून दोर ताणल्यानंतरच तिचे तोंड पुन्हा धारेकडे वळले आणि पिन बदलता आली. त्या दिवसापासून जादा पिन, दोन वल्ही आणि दोर बांधलेला नांगर नावेच्या पुढच्या टोकाशीच ठेवला जातो. प्रवाशांनी त्यावर सामान ठेवू नये. लाईफ जॅकेट घाटावरच अंगात घालून पट्टे बांधायचे आहेत. पोहता येणाऱ्यांनाही यातून सूट नाही.

नाव आदल्या दिवशी सांगावी, मात्र ती निघणार की नाही हे सकाळच्या मोजणीनंतरच कळवले जाईल. आम्ही नकार दिल्यास घेतलेली आगाऊ रक्कम त्याच वेळी पूर्ण परत मिळेल.