तंबाखूमुक्तीसाठी जनमाध्यमे (ठाणे–नवी मुंबई)

दूरचित्रवाणी, आकाशवाणी, चित्रपटगृह, वृत्तपत्र, तंबाखूच्या पाकिटावरील मजकूर, मोबाइल संदेश अशा साधनांनी लोकांना तंबाखू सोडण्यास प्रवृत्त करण्याची व त्यासाठी साहाय्य पुरवण्याची पद्धत. तंबाखू घातक आहे एवढेच बजावणारी सूचना वेगळी आणि सोडू पाहणाऱ्याला पुढची वाट दाखवणारा संदेश वेगळा. हा भेद पुष्कळदा पाळला जात नाही, म्हणून पद्धतीचा आरंभ कोठे मानावा याविषयी मते जुळत नाहीत.

एका मताप्रमाणे आरंभ अमेरिकेत १९६७ मध्ये झाला. सिगारेटच्या जाहिराती प्रसारित करणाऱ्या केंद्रांना त्या वर्षापासून धूम्रपानविरोधी संदेशांसाठीही वेळ द्यावा लागला. १९७१ च्या प्रारंभी तेथे जाहिरातीच बंद झाल्या आणि त्यांच्या उत्तरादाखल येणारे ते संदेशही रोडावले. दुसरे मत फिनलंडमधील उत्तर कॅरेलिया प्रकल्पाला (१९७२ पासून) अग्रमान देते. त्या कामातून १९७८ च्या सुमारास दूरचित्रवाणीवर धूम्रपान सोडण्याचा अभ्यासवर्गच चालवला गेला. पडद्यावरील गटाबरोबर घरबसल्या प्रेक्षकांनीही सोडावे, अशी योजना होती. सोडण्यास मदत हा निकष धरला, तर हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतातील आरंभ सामान्यतः २००९ च्या मोहिमेपासून सांगितला जातो. तत्पूर्वीचे एक काम मात्र दुर्लक्षू नये. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांत तंबाखू वापरणाऱ्या ३६,४७१ व्यक्तींना प्रत्यक्ष भेटून, तसेच जनमाध्यमांद्वारे सोडण्याचा सल्ला दिला व पाच वर्षे दरवर्षी त्यांचे तोंड तपासले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीनपैकी दोन क्षेत्रांत सोडण्यास मदत झाली. या संशोधकांपैकी प्रकाश गुप्ता यांच्या संचालकत्वाखाली पुढे नवी मुंबईत हीलिस-सेखसरिया सार्वजनिक आरोग्य संस्था उभी राहिली. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्रही (ॲक्ट्रेक) आहे. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासात नवी मुंबईचे नाव वारंवार येते.

२००९ च्या नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने सहा आठवडे चालवलेल्या मोहिमेत टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यचिकित्सक मुखकर्करोगाच्या रुग्णांची स्थिती दाखवत होते. नंतरच्या पाहणीत केवळ धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांना ती जाहिरात आठवत होती. अशा मोहिमांचा परिणाम प्रसारण थांबल्यावर ओसरतो, यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे.

२ ऑक्टोबर २०१२ पासून तंबाखूची दृश्ये असलेल्या चित्रपटांच्या आरंभी व मध्यंतरानंतर आरोग्यसंदेश दाखवणे आवश्यक झाले. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटी मंचांनाही तसे नियम लागू झाले. राष्ट्रीय मदतवाहिनी (१८००–११–२३५६) २०१६ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १ सप्टेंबर २०१८ पासून पाकिटांवर छापला जाऊ लागला. धास्ती आणि मदत एकाच चौकोनात आली, हे या पाकिटाचे महत्त्व. फोन करणाऱ्याला समुपदेशक सोडण्याचा दिवस ठरवून देतो व पुढे पुन्हा विचारपूस करतो. २०१६–१७ च्या राष्ट्रीय पाहणीत पाकिटावरील इशाऱ्यामुळे सोडण्याचा विचार मनात आल्याचे सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६१.९ टक्क्यांनी सांगितले. विडीबाबत हे प्रमाण ५३.८, तर धूरविरहित तंबाखूबाबत ४६.२ टक्के होते.

ठाणे–बेलापूर पट्ट्यात हा उतरता क्रम विशेष चिंतेचा आहे. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे होते, धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के. वाशीच्या बाजारपेठेतील माथाडी असोत वा औद्योगिक वसाहतीतील कामगार, तळहातावर चुन्याबरोबर मळून गालात धरलेला बार ही येथील परिचित सवय. पडद्यावरचा काळवंडलेल्या फुप्फुसांचा संदेश त्याला लागूच पडत नाही. पानटपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याला पाकिटावरचा क्रमांक दिसत नसे. राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण धरता येईल.

मशेरीचा प्रश्न आणखी वेगळा. कोकण व साताऱ्याकडून आलेल्या कुटुंबांतील स्त्रिया तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून दातांना लावतात. अनेकींच्या लेखी ते व्यसन नसून सकाळचे दात घासणे असते. घरच्या डबीवर ना चित्र असते ना क्रमांक. आकाशवाणीवरील मराठी कार्यक्रम, स्थानिक केबल वाहिन्या आणि दाराशी येणारी आशा सेविका यांनी मशेरीचे नाव घेऊन बोलावे लागते. ‘तंबाखू’ या शब्दात मशेरी लावणारी स्त्री स्वतःला मोजत नाही.