ढिगाऱ्याजवळ आधी पोहोचतात ते शेजारी

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे पावणेसहाच्या सुमारास जपानमधले कोबे शहर भूकंपाने हादरले. ६,४३४ माणसे गेली. पडलेल्या घरांखाली सुमारे ३५,००० जण अडकले होते असा नंतरचा अंदाज आहे. त्यांपैकी जवळजवळ २७,००० जणांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. उरलेल्यांपर्यंत अग्निशमन दल, पोलिस आणि सैन्य पोहोचले. सरकारी पथकांना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. बंब मोजके असतात, रस्ते बंद पडतात आणि ढिगाऱ्याखालच्या माणसाच्या हाती वेळ फार थोडा असतो. अशा वेळी घरातली आजी मागच्या खोलीत झोपते, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. दुसऱ्या शहरातून आलेल्या पथकाला ते ठाऊक नसते.

आज आपत्ती व्यवस्थापन शिकणाऱ्याला हे पहिल्या काही धड्यांतच कळते. पण राज्यकर्त्यांच्या गळी ते उतरायला फार काळ लागला, आणि अजूनही ते पुरते उतरलेले नाही. त्यांच्या मनात वेगळेच चित्र पक्के बसले होते. संकट आले की लोक सैरावैरा पळतात, शहाणपण गमावतात, दुकाने फोडतात. म्हणून आधी बंदोबस्त, मग मदत. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने, लाटांनी आणि आगीने उद्ध्वस्त झाले, तेव्हा शहरात उंच जागी फाशीचे खांब उभारले गेले. धडधाकट माणसांनी शहर सोडू नये म्हणून भोवती सैनिक बसवले गेले. पुढे १८९५ मध्ये फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल बाँ यांनी गर्दीच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले. समूहात शिरलेल्या माणसाचा विवेक सुटतो, हे त्यातले म्हणणे युरोप-अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांना मनापासून पटले. भीती जुनीच होती. आता तिला विद्वत्तेचा आधार मिळाला.

या समजुतीची मोठी परीक्षा सॅन फ्रान्सिस्कोत झाली. १८ एप्रिल १९०६ ला पहाटे सव्वापाचच्या आत भूकंप झाला आणि मागोमाग आगी लागल्या. पाण्याच्या वाहिन्या फुटल्यामुळे त्या तीन-चार दिवस विझल्या नाहीत. सुमारे ४ लाख वस्तीच्या शहरात निम्म्याहून अधिक लोक बेघर झाले. ब्रिगेडियर जनरल फ्रेडरिक फन्स्टन यांनी वरून आदेश येण्याची वाट न पाहता सैन्य रस्त्यावर उतरवले. महापौर युजीन श्मिट्झ यांनी लुटारूंना ठार मारण्याची मुभा देणारे जाहीर पत्रक काढले. आग अडवण्यासाठी सुरुंग लावून इमारती पाडल्या गेल्या आणि त्यातून काही ठिकाणी नव्या आगी पेटल्या. घर वाचवायला थांबलेल्यांना बंदुकीच्या धाकाने हुसकावून लावले गेले. हाती बादल्या घेऊन आग रोखू शकणारी माणसेच तिथून दूर गेली.

त्याच शहरात दुसरीकडे काय चालले होते? घरांची धुराडी तडकल्यामुळे घरात चूल पेटवायला बंदी होती. म्हणून लोकांनी फुटपाथवर चुली मांडल्या, पडलेल्या विटा आणि दारे-खिडक्यांची लाकडे वापरून आडोसे उभे केले आणि ओळखी-अनोळखी सगळे एकत्र जेवू लागले. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स तेव्हा जवळच स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत होते. ते त्याच दिवशी आगगाडीने शहरात गेले आणि त्यांनी जे पाहिले त्यावर त्याच वर्षी लेख लिहिला. अव्यवस्थेतून व्यवस्था किती झटपट उभी राहिली आणि लोक किती शांत होते, या दोन गोष्टींनी ते चकित झाले होते. मला हा लेख फार महत्त्वाचा वाटतो. तोवर आपत्तीतली माणसे कशी वागत असतील याबद्दल तर्कच फार होत असत. इथे एक तयारीचा निरीक्षक रस्त्यावर उभा राहून पाहत होता.

हे चित्र सरसकट गोड मात्र नव्हते. जळालेला चायनाटाउन मोक्याच्या जागी होता. तिथल्या चिनी रहिवाशांना शहराच्या कडेला हलवण्याचा घाट घातला गेला. चिनी व्यापाऱ्यांनी आणि चीनच्या राजदूतावासाने ठाम विरोध केला, म्हणून तो बेत फसला. आपलेपणाच्या त्या लाटेत कोण ‘आपला’ हे आधीच ठरलेले होते.

शास्त्रीय अभ्यासाची सुरुवात कॅनडात झाली. ६ डिसेंबर १९१७ रोजी हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेले ‘माँ-ब्लाँ’ जहाज दुसऱ्या जहाजावर आदळून फुटले. सुमारे २,००० माणसे मेली, ९,००० जखमी झाली आणि दुसऱ्याच दिवशी हिमवादळ आले. ही नैसर्गिक आपत्ती नव्हती, तरी या विषयाचा इतिहास तिच्याशिवाय सांगता येत नाही. गावातले धर्मोपदेशक सॅम्युएल हेन्री प्रिन्स मदतकार्यात होते. त्यांनी नंतर कोलंबिया विद्यापीठात याच घटनेवर प्रबंध लिहिला, जो १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. संकट आले की समाजाची घडी विस्कटते आणि ती पुन्हा बसताना बदलते, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

मग आला १ सप्टेंबर १९२३. समूहाच्या चांगुलपणावर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाने या दिवसाकडे नीट पाहायला हवे. दुपारी बाराला दोन मिनिटे असताना तोक्यो आणि योकोहामा भागात ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. घरोघरी दुपारच्या स्वयंपाकाचा विस्तव होता. आगीचे लोळ उठले आणि लाखाच्या वर माणसे मेली. काही तासांत अफवा पसरली, की कोरियन लोक विहिरींत विष कालवत आहेत, आगी लावत आहेत. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि मजुरीसाठी आलेल्या कोरियन माणसांबद्दल संशय आधीपासून मुरलेला होता. गल्लोगल्ली स्वसंरक्षण पथके उभी राहिली. वाटसरूला अडवून ‘पंधरा येन पन्नास सेन’ हे जपानी शब्द म्हणायला लावत. उच्चार अडखळला की जीव गेला. हजारो कोरियन मारले गेले. शेकडो चिनी आणि बोलीभाषेमुळे परके वाटलेले काही जपानीही त्यात बळी पडले.

ही पथके म्हणजेही शेजाऱ्यांनी आपण होऊन केलेले सहकार्यच होते, हे मान्य करावे लागते. पण ती अफवा नुसती तोंडोतोंडी पसरली नाही. गृहखात्याने नौदलाच्या बिनतारी केंद्रावरून तोच मजकूर प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना पाठवला आणि त्यावर सरकारी शिक्का बसला. उलट योकोहामातल्या त्सुरुमी ठाण्याचे प्रमुख ओकावा त्सुनेकिची यांनी सुमारे ३०० जणांना ठाण्यात आसरा दिला आणि जमावासमोर ते उभे राहिले. तेच शहर, तोच जमाव, तीच अफवा, आणि एका अधिकाऱ्याच्या ठाम नकाराने शेकडो जीव वाचले.

दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधनाला पैसा मिळाला तो एका वेगळ्याच काळजीतून. अणुबाँब पडला तर नागरिक भेदरून जातील का, हे अमेरिकी सैन्याला जाणून घ्यायचे होते. शहरे बेचिराख करून पाहणे शक्य नव्हते, म्हणून वादळे, पूर, स्फोट यांत सापडलेल्या लोकांच्या मुलाखती घ्यायचे ठरले. १९४९-५० पासून शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या राष्ट्रीय जनमत संशोधन केंद्राची पथके हे काम करू लागली. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात आलेल्या टोर्नेडोनंतर, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळानंतर, त्यांनी शेकडो लोकांशी बोलून तपशील गोळा केले. या कामातले चार्ल्स फ्रिट्झ युद्धकाळात इंग्लंडमध्ये होते आणि बाँबहल्ल्यांखालचे जगणे त्यांनी जवळून पाहिले होते. घबराटीचा शोध घेत निघालेल्या या मंडळींना घबराट क्वचितच सापडली. लोक पळत, पण कुठे पळायचे याचा विचार करून, आणि बहुधा आपल्या माणसांना शोधत. जखमींना बहुतेक वेळा शेजारीपाजारीच दवाखान्यात पोहोचवत. संकट सगळ्यांवर एकदम आणि उघड उघड कोसळते, त्यामुळे एरवीच्या भिंती काही काळ पडतात आणि दुःख वाटून घेतले जाते, असे फ्रिट्झ यांनी १९६१ मध्ये सविस्तर लिहिले. ते लिखाण छापून यायला १९९६ उजाडले.

फ्रिट्झ यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली, जी आजही रोज उपयोगी पडते. आपत्तीच्या जागेकडून लोक जितके बाहेर पळतात, त्याहून अधिक आत येतात. परतणारे, काळजीने आलेले, मदतनीस, बघे आणि थोडे संधिसाधू. माणसांबरोबर वस्तूंचाही लोंढा येतो. १९८८ च्या आर्मेनिया भूकंपानंतर सुमारे ५,००० टन औषधे आणि वैद्यकीय साहित्य आले. त्यातले जेमतेम ३० टक्के लगेच वापरण्याजोगे होते आणि सुमारे २० टक्के औषधे पुढे नष्ट करावी लागली. जुन्या कपड्यांचे डोंगर तर जवळपास प्रत्येक आपत्तीत दिसतात. हेतू चांगलाच असतो, पण ते निवडण्यात कामाची माणसे अडकून पडतात.

१९६३ मध्ये एनरिको क्वारंटेली, रसेल डाइन्स आणि यूजीन हास यांनी ओहायो राज्य विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्र सुरू केले. पुढच्याच वर्षी २७ मार्चला अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि संशोधक लगोलग अँकरेजला पोहोचले. तिथे गिर्यारोहकांनी पडक्या इमारतींत शोधमोहीम चालवली. जीनी चान्स ही रेडिओ निवेदिका ‘अमुक सुखरूप आहे, तमुक आपल्या मुलांना शोधतो आहे’ असे निरोप अहोरात्र सांगत राहिली. कुणी नेमलेले नाही, कागदावर नाव नाही, तरी गरज पडताच उभे राहणारे असे गट या केंद्राच्या अभ्यासाचा गाभा बनले.

मेक्सिको शहरात १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपानंतर अशा गटांनी इतिहासच बदलला. सरकार सुरुवातीला चाचपडत होते, परदेशी मदतीला नको म्हणत होते. तरुण मुले हातांनी बोगदे खणून आत शिरत होती; त्यांतूनच ‘लोस तोपोस’, म्हणजे घुशींसारखी जमीन पोखरत जाणारी बचाव पथके जन्मली, जी पुढे देशोदेशी गेली. कोसळलेल्या कारखान्यांतून बायकांचे मृतदेह काढण्याआधी मालक यंत्रे हलवत होते. त्या संतापातून शिवणकामगार स्त्रियांनी १९ सप्टेंबर याच नावाने स्वतःची संघटना उभी केली. बेघरांच्या एकजुटीपुढे सरकारला शहराच्या मध्यभागातल्या जागा ताब्यात घेऊन मूळ रहिवाशांसाठी ४०,००० हून अधिक घरे बांधावी लागली. २०१७ मध्ये त्याच तारखेला पुन्हा भूकंप झाला. तेव्हा ढिगाऱ्यावर कुणी मूठ वर केली की आतला आवाज ऐकू यावा म्हणून सारा रस्ता गप्प होई.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ साली जुनी भीती पुन्हा जिंकली. कॅटरिना वादळानंतर स्टेडियममध्ये खुनांचे सत्र चालू असल्याच्या बातम्या जगभर गेल्या. प्रत्यक्षात तिथे सहा मृत्यू झाले आणि त्यांत एकही खून नव्हता. पण तोवर बंदुका बाहेर आल्या होत्या. ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, दोघे मेले, चौघे जखमी झाले. त्याच दिवसांत खासगी होड्या घेऊन आलेले सामान्य लोक छपरांवर अडकलेल्यांना उतरवत होते. २००८ मध्ये कॅरन चेस आणि ली क्लार्क या संशोधकांनी या प्रकाराला सत्ताधाऱ्यांची घबराट म्हटले. लोक घाबरतील या भीतीने अधिकारीच घाबरतात आणि लोकांचे हात बांधतात, असा तिचा आशय. सॅन फ्रान्सिस्कोत १९०६ मध्ये तेच झाले होते.

कॅटरिनात डॅनियल अल्ड्रिच या प्राध्यापकाचे नवे घर वाहून गेले. काही वस्त्या लवकर सावरतात आणि काही का नाही, हा प्रश्न मग त्यांनी आयुष्याचे काम म्हणून घेतला. कोबेच्या मानो वस्तीतल्या लोकांनी १९६० च्या दशकात कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध एकत्र लढा दिला होता. भूकंपाच्या सकाळी त्यांनी रांगा लावून, जवळच्या कारखान्यातल्या कामगारांसह आग रोखली. मिकुरा या तशाच गरीब वस्तीत असे संघटन नव्हते. तिथे घरे जळत गेली. पण अल्ड्रिच यांनीच तमिळनाडूतल्या नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर नाण्याची दुसरी बाजू पाहिली. २००४ च्या त्सुनामीनंतर मच्छीमारांच्या जात पंचायती भक्कम असलेल्या गावांना मदत लवकर मिळाली. त्याच पंचायतींच्या यादीबाहेर असलेले दलित आणि विधवा मात्र मागे राहिल्या. गाव एकजुटीने उभे राहिले, असे म्हणताना ‘गाव’ कुणाचे हे विचारावेच लागते.

कोबेला पुढच्या वर्षभरात दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक आले. १९९८ मध्ये जपानने ना-नफा संस्थांसाठी कायदा केला, त्याला हीच पार्श्वभूमी होती. पण त्याच शहरात एक चूकही झाली. तात्पुरती घरे देताना वृद्धांना प्राधान्य दिले आणि वाटप सोडतीने केले. न्यायाच्या दृष्टीने ते योग्य वाटले होते. परिणाम असा, की ढिगाऱ्यातून एकमेकांना ओढून काढणारे शेजारी शहराच्या वेगवेगळ्या टोकांना गेले. अनोळखी वस्तीत एकटी म्हातारी माणसे घरात मरून पडत आणि कित्येक दिवस कुणाला पत्ता लागत नसे. २३ ऑक्टोबर २००४ ला निगाता प्रांतात भूकंप झाला, तेव्हा यामाकोशी गावाच्या पुनर्वसनात हा अनुभव वापरला गेला. एकेका वाडीतल्या कुटुंबांना तात्पुरत्या घरांतही शेजारी शेजारीच जागा दिली गेली.