काचेवरचे पांढरे तीळ

रंकाळ्याजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्यानं दिवाळीत फिश टँकसाठी चार नेराइट गोगलगायी आणल्या. बोराएवढा शंख, पिवळ्या पाठीवर काळे पट्टे. काचेवरचं शेवाळ त्यांनी आठवड्यात साफ केलं. जवळून पाहिलं तर हिरव्या थरावर नागमोडी ओरखडे दिसायचे. गोगलगायीची जीभ म्हणजे बारीक दातांच्या रांगांची कानसच असते, तिचेच ते माग.

महिन्याभरात काचेवर, लाकडावर पांढरे ठिपके दिसू लागले, कुणी तीळ चिकटवावेत तसे. "मामा, ह्यातनं पिल्लं कधी बाहेर पडणार?" भाचा रोज विचारायचा.

असा एकेक तीळ म्हणजे अंड्यांची कुपी. आत डझनावारी अंडी असतात. नखानं खरवडून निघत नाही, पातं लागतं. बऱ्याच जातींत मादी खाण्याबरोबर पोटात गेलेले वाळूचे कण आणि सूक्ष्म शेवाळांची काचेसारखी कवचं एका पिशवीत साठवते आणि तीच कुपीच्या झाकणात बसवते. स्लॅबला खडी घालावी तसं! मला या जिवाचं सगळ्यात कौतुक वाटतं ते इथं.

पण कुपी फुटून बाहेर येते ती गोगलगाय नसते. डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी अळी येते, केसाळ पाळ्या हलवत पोहणारी. या अळीला खारं पाणी लागतं. नदीत असती तर प्रवाहाबरोबर खाडीत आणि समुद्रात गेली असती, तिथं काही आठवडे तरंगत वाढली असती आणि अंगावर शंख घेऊन मुखाशी परतली असती. मग धारेविरुद्ध सरपटत वर, गोड्या पाण्यात. कोस्टारिकात अशी पिल्लं हजारोंच्या झुंडीनं नदी चढताना पाहिली गेली आहेत. भाच्याच्या टाकीतली अळी मात्र गोड्या पाण्यात काही दिवसांत मरणार.

सगळ्यांचंच असं नाही. युरोपातल्या ऱ्हाईन, डॅन्यूबमधल्या एका नेराइटनं समुद्राची गरजच संपवली. तिच्या कुपीतून थेट छोटी गोगलगाय बाहेर पडते, बहुधा एकच. बाकीची अंडी तिचा शिधा होतात.

समुद्र लागणाऱ्या जातींना सोयीच्या नद्या म्हणजे डोंगरातून उतरून लगेच समुद्राला मिळणाऱ्या. आपली पंचगंगा नेमकी उलट. गगनबावड्याच्या कड्यावर उभं राहिलं की पश्चिमेला कोकण पायाशी दिसतं, पण कड्याच्या अलीकडे पडलेला पाऊस पूर्वेला वळतो. नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळतो आणि अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणं ओलांडत बंगालच्या उपसागरात जातो. एवढ्याशा पिल्लानं हा रस्ता उलटा कसा चढावा?

अडलेल्या वाटेचा हा प्रश्न हवाई बेटांवर खरोखरच उभा आहे. तिथल्या ओढ्यांतली हिहिवाई ही नेराइट लोक आवडीनं खातात. ओढ्याचं पाणी वळवलं, वाट कोरडी पडली की तिची पिल्लं वर पोचत नाहीत. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यात काढतात, नदी मोकळी वाहते. पाण्यातल्या वाटसरूंसाठी अशी मोकळी धार किती मोलाची, हे मला या गोगलगायीमुळं नीट कळलं.

मे महिन्यात आम्ही रत्नागिरीला गेलो. ओहोटीच्या वेळी खडकाच्या कपारीत काळपट, जाड शंखांचे नेराइट दाटीनं बसले होते, टाकीतल्यांचे खाऱ्या पाण्यातले भाऊबंद. भाच्यानं एक उचलला. आतल्या जिवानं अंग ओढून घेतलं आणि दार बंद. हे दार चुन्याचं, टणक, आतल्या बाजूला खुंटी असलेलं. ती शंखात अडकते, म्हणून सहजी उघडत नाही. शंखाच्या आतल्या वेढ्यांच्या भिंती हा जीव स्वतःच विरघळवून टाकतो. आत एकच खोली उरते आणि ओहोटीत पुरेल असं पाणी तिथं धरून ठेवता येतं.

भाच्यानं तो होता तिथंच ठेवला आणि दार उघडेपर्यंत उन्हात उकिडवा बसून राहिला.