आधारचा पत्ता आणि मतदार यादीतलं नाव: शहर बदलल्यावर नेमकं काय हलवायचं?

नाशिकहून पुण्याला किंवा लातूरहून ठाण्याला बिऱ्हाड हललं की प्रश्न येतोच: ‘आता इथलं आधार काढावं लागेल का?’ इथलं आणि तिथलं असं आधार नसतंच. क्रमांक देशभर एकच, जन्मभर तोच; बदलतो तो फक्त पत्ता. हे बहुतेकांना माहीत असतं. गोंधळ होतो तो पुढे: आधारवर पुण्याचा पत्ता आला म्हणजे मतदार यादीतलं नावही पुण्यात आलं, असं समजून लोक निर्धास्त राहतात आणि मतदानाच्या दिवशी शाळेच्या आवारातल्या टेबलावर यादी चाळत बसतात. आधारमधला बदल मतदार यादीत आपोआप उतरत नाही. तिथे वेगळा अर्ज करावाच लागतो.

आधारचं थोडक्यात. शहर सोडल्यावर अमुक दिवसांत पत्ता बदला, अशी मुदत नाही. पत्ता कितीही वेळा बदलता येतो, पण मुदतच नाही म्हटल्यावर दर ११ महिन्यांनी भाड्याचं घर बदलणाऱ्यांनी प्रत्येक वेळी ही दगदग करू नये. आईवडिलांच्या घरचा पत्ता राहू द्यावा. ‘आधार लोकल नाही म्हणून खातं उघडणार नाही’ हे बँकेतलं उत्तर ऐकून परत फिरू नका. आधारने ओळख पटवली असेल, तर सध्याचा पत्ता वेगळा असल्याचं स्वतःचं घोषणापत्र देण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांतच आहे. पत्त्यापेक्षा आधारशी जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवणं जास्त महत्त्वाचं. तो बंद पडला की ओटीपी येत नाही आणि पत्ताही ऑनलाइन बदलता येत नाही.

मतदार यादीचं तसं नाही. आधारचा पत्ता आपल्या सोयीने ठेवता येतो; मत कुठलं, हे कायदा ठरवतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० प्रमाणे तुम्ही जिथले ‘सर्वसाधारण रहिवासी’, तिथेच तुमचं नाव. गावी घर आहे, सातबारा आहे, म्हणून मत गावचं, हे कलम २० ला मान्य नाही: नुसत्या घराच्या मालकीने कोणी रहिवासी ठरत नाही. उलट, चार-सहा महिन्यांच्या कामासाठी बाहेर गेलात आणि संसार मूळ घरीच आहे, तर ती तात्पुरती अनुपस्थिती. नाव हलवायची गरज नाही. दोन्हीकडे नाव ठेवणं मात्र बेकायदा. ‘सहा महिने राहिल्याशिवाय नोंदणी होत नाही’ हेही छातीठोकपणे सांगितलं जातं. अशी अट आजच्या कायद्यात नाही. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना मात्र निवड आहे: घरचा मतदारसंघ किंवा वसतिगृहाचा. दुसरा निवडल्यास संस्थाप्रमुखांचं बोनाफाइड प्रमाणपत्र लागतं.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो अर्जात. नवं शहर म्हणजे नवी नोंदणी, असं वाटून लोक नमुना ६ भरतात. नमुना ६ फक्त पहिल्यांदा मतदार होणाऱ्यांसाठी आहे. ‘माझं नाव इतर कोणत्याही यादीत नाही’ अशी घोषणा त्यात असते; जुन्या गावी नाव असताना तिच्याखाली सही केली, तर ती खोटी घोषणा ठरते आणि त्याच अधिनियमाच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. वर दुसरा एपिक (मतदार ओळखपत्र) क्रमांक गळ्यात पडतो आणि दुबार नाव काढायला नमुना ७ भरावा लागतो. २०२२ पूर्वी मतदारसंघ बदलताना नमुना ६ च चालायचा, म्हणून जुन्या माहितीवर सल्ले देणारे अजून तेच सांगतात. ऐकू नका. स्थलांतरासाठी आता नमुना ८.

निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा ॲपवर लॉगिन करून नमुना ८ उघडा, जुना एपिक क्रमांक टाका, निवासाचं स्थलांतर निवडा आणि मतदारसंघाबाहेर की आतल्या आत ते सांगा. पुराव्याला आधार, बँक किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, वीज-पाणी-गॅसचं बिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो. नोटरी केलेला करार अडकतो. महाराष्ट्रात ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारही नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची, तेव्हा ‘नोटरी पुरे’ म्हणणाऱ्या मालकाला आधीच सांगा. नंतर पडताळणीला बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरी येतात. सोसायटीच्या वॉचमनला तुमचं नाव माहीत नसेल किंवा दार बंद सापडलं, तर अर्ज तिथेच लटकतो. संदर्भ क्रमांक जपून ठेवा, स्थिती तपासत राहा.

मंजुरीनंतर एपिक क्रमांक तोच राहतो. बदलतो तो यादी भाग आणि अनुक्रमांक. नवं कार्ड आलं नाही म्हणून मत चुकवू नका. केंद्रावर बघतात ते यादीतलं नाव. ते असेल तर जुन्या मतदारसंघाचं कार्ड चालतं आणि नाशिकच्या पत्त्याचं आधारही पुण्याच्या केंद्रावर ओळखीला चालतं. नाव नसेल, तर पुण्याच्या पत्त्याचं कोरं करकरीत आधार दाखवूनही मत देता येत नाही.

आणि हे निवडणूक जाहीर झाल्यावर करायचं काम नाही. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत बदल होत नाही. महापालिकेला तर राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या तारखेची विधानसभेची यादी वापरतात. त्या तारखेनंतर हललेलं नाव त्या निवडणुकीपुरतं जुन्याच ठिकाणी.