बर्फ कारखान्यातला अमोनिया : मासेमारी बंदीत करायची कामं

(बर्फ कारखाने आणि मासळी शीतगृहांचे मालक व ऑपरेटर यांच्यासाठी, अमोनिया प्लांटची तपासणी करणाऱ्या आमच्या मंडळींकडून)

१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. होड्या शाकारलेल्या असतात आणि हर्णैपासून मिरकरवाड्यापर्यंत, खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत बर्फाला गिऱ्हाईक नसतं. मशीन बंद आहे म्हणजे काळजी नाही, असं धरून बरेच जण ऑपरेटरलाही गावी पाठवतात. पण आपल्या किनाऱ्यावर अमोनियाची (बर्फ गोठवण्यासाठी फिरवतात त्या वायूची) लाइन चालू हंगामात गंजत नाही तेवढी या दोन महिन्यांत गंजते.

चालू प्लांटमध्ये सॅक्शन लाइनच्या (थंड वायू कंप्रेसरकडे नेणाऱ्या पाइपच्या) लॅगिंगमध्ये, म्हणजे पाइपवरच्या थर्मोकोलच्या आवरणात, शिरलेलं पाणी गोठलेलं असतं, आणि गोठलेल्या पाण्याखाली गंज फार हळू चढतो. प्लांट थांबला की हे बर्फ वितळतं. थर्मोकोल ओलाचिंब राहतो, बाहेर पावसाळी हवा आणि समुद्राचा खार, आत लोखंडी पाइप. वरून सिमेंटचा किंवा पत्र्याचा थर ठाकठीक दिसत असल्यामुळे कोणाला शंका येत नाही. ऑगस्टमध्ये प्रेशर चढलं की पातळ झालेली जागा फुटते. नेमकं तेव्हाच पहिल्या फेरीच्या बर्फासाठी गर्दी झालेली असते.

म्हणून लॅगिंग जिथे फुगलं, चिरलं किंवा काळं पडलंय तिथे ते खोलून बघा. सगळीकडे फोडत बसू नका. पाइप सपोर्टवर टेकतो ती जागा, व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजू, भिंतीतून लाइन जाते तो भाग आणि अ‍ॅक्युम्युलेटरचा तळ (अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे द्रव आणि वायू वेगळे करणारी टाकी) या चार ठिकाणी गंज हमखास सापडतो. तारेच्या ब्रशने साफ करून अल्ट्रासोनिक गेजने जाडी मोजायची. दोन इंची शेड्यूल ४० पाइप नवा असताना साधारण ३.९ मिमी जाड असतो; तो ३ मिमीच्या खाली आला असेल तर आम्ही तुकडा बदलायलाच सांगतो. नुसता रंग मारून पुन्हा लॅगिंग चढवणं म्हणजे गंज झाकणं. नवीन लॅगिंग करताना बाहेरचा वाफरोधक थर अखंड हवा, एक भोक राहिलं तरी पुढच्या पावसाळ्यात तेच काम परत निघतं.

बंद करताना

अमोनिया रिसिव्हरमध्ये (द्रव अमोनिया साठवायच्या टाकीत) ओढून घ्या, पण रिसिव्हर ८० टक्क्यांच्या वर भरू नका. द्रव अमोनिया गरम होऊन फुगतो, त्याला जागा लागते. याच कारणाने दोन बंद व्हॉल्व्हच्या मधे द्रव कधीही अडकवून ठेवू नये. दुपारच्या उन्हात तेवढा पाइपचा तुकडा फाटू शकतो. कॉइलमध्ये (गारवा देणाऱ्या पाइपांत) थोडं प्रेशर राहू द्या. व्हॅक्युम राहिला तर ग्लँडमधून (फिरत्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) दमट हवा आत शिरते.

हवा शिरली की नाही, हे सुरू करताना कळतं. कंप्रेसर बंद ठेवून कंडेन्सरवर (वायू गार करून द्रव करणाऱ्या भागावर) पाणी फिरवत राहा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचं तापमान सारखं होईपर्यंत. मग गेज बघा. पाणी २८ अंश असेल तर सुमारे १४५ पीएसआय, ३० अंश असेल तर सुमारे १५५. गेज बरोबर असून काटा याच्या बराच वर असेल तर आत हवा आहे, म्हणजे हेड प्रेशरही (कंप्रेसरच्या पुढचा दाब) चढणार आणि विजेचं बिलही. पर्जिंग करताना (आतली हवा बाहेर काढताना) नळी पाण्याच्या बादलीत सोडतात. ते पाणी गटारात किंवा खाडीत ओतू नका. अमोनिया अगदी थोडा असला तरी मासळी आणि कोळंबीला तो विषच.

दुरुस्तीनंतर प्रेशर टेस्ट कोरड्या नायट्रोजनने, रेग्युलेटर लावूनच. वेल्डरकडे आहे म्हणून ऑक्सिजनचा सिलेंडर जोडणं जिवावर बेततं : आत तेलाचा अंश असतो आणि दाबाखालचा ऑक्सिजन त्याचा स्फोट घडवतो. व्हॉल्व्ह किंवा फिटिंग पितळ-तांब्याचं चालणार नाही, दमट अमोनिया ते खातो.

तेल काढणं : सगळ्यात जास्त अपघात इथे

कंप्रेसरचं तेल अमोनियापेक्षा जड, म्हणून ते अ‍ॅक्युम्युलेटर आणि रिसिव्हरच्या तळाशी बसतं. थंडीने ते घट्ट झालेलं असतं. ऑपरेटर व्हॉल्व्ह थोडा उघडतो, काही येत नाही. अजून उघडतो. मग तेलाची गुठळी एकदम सुटते आणि तिच्यामागून द्रव अमोनिया. तो बाहेर येताच उकळतो (उत्कलनबिंदू उणे ३३ अंश), एक लिटर द्रवाचा साडेआठशे लिटरच्या आसपास वायू होतो, आणि डोळे मिटलेल्या माणसाला व्हॉल्व्हचं चाक सापडत नाही. पाना लावून ठेवलेला नसेल तर तोही अंधारात शोधायचा.

उपाय खर्चिक नाही. थेट टाकीतून तेल काढायचं नाही, खाली वेगळं ऑइल पॉट बसवायचं. तेल पॉटमध्ये उतरू द्या, व्हॉल्व्ह बंद करून पॉट टाकीपासून तोडा, त्यातला अमोनिया सॅक्शनला जाऊ द्या, पॉट बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत थांबा. पॉटवरचं बर्फ गेलं, गेज खाली आलं की मगच ड्रेन. ड्रेनला दोन व्हॉल्व्ह हवेत : एक साधा आणि त्यापुढे स्प्रिंगचा, हात सोडला की आपोआप बंद होणारा. स्प्रिंगच्या व्हॉल्व्हचा दांडा तारेने बांधून ठेवलेला आम्हाला दिसला तर त्या दिवशी आम्ही दुसरं काही काम करत नाही, आधी ती तार काढतो. माणसं दोन, तोंडाला मास्क, आणि व्हॉल्व्ह उघडा ठेवून चहाला जाणं नाही.

निघालेलं तेल ‘वापरलेलं तेल’ म्हणून २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. ते होडीच्या लाकडाला लावायला द्यायचं नाही. बॅरलमध्ये साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला द्यायचं आणि पावती जपायची.

वास आला तर

बारीक गळती ओल्या लाल लिटमसने शोधा, निळा झाला की जागा सापडली. आठ तासांच्या कामासाठी मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आहे, आणि ३०० पीपीएमला जिवाचा धोका. हिरव्या पट्ट्याचा कॅनिस्टर मास्क (अमोनिया शोषणारा डबा लावलेला) निसटून बाहेर पडायला उपयोगी. दाट ढगात शिरून व्हॉल्व्ह बंद करायला श्वसनसंच (पाठीवर हवेचा सिलेंडर असलेला) लागतो, तो नसेल तर आत जाऊ नका. दाढी असेल तर मास्क बसत नाही. मास्क मशीनरूमच्या आत टांगू नका, दाराबाहेर ठेवा.

पाण्याचा फवारा वायूच्या ढगावर मारा. जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर मारू नका, पाण्याच्या उष्णतेने तो आणखी उकळतो. अमोनिया हवेपेक्षा हलका असला तरी गळतीचा थंड, दमट ढग जमिनीलगत सरकतो, त्यामुळे वाऱ्याला आडवं पळायचं. आपल्याकडे दिवसा खारा वारा समुद्राकडून वाहतो आणि रात्री मतलई उलटा, म्हणून जमायच्या जागा दोन ठरवा आणि छपरावर कापडी वातदर्शक लावा.

डोळ्यांत गेला तर किमान १५ मिनिटं पाणी, आधी पाणी मग दवाखाना. कपडे अंगाला गोठून चिकटले असतील तर ओढू नका, भिजवून सुटू द्या. ज्याने भरपूर हुंगला त्याला बरं वाटत असलं तरी रुग्णालयात न्याच. फुफ्फुसात पाणी भरायला काही तास लागतात आणि तोवर माणूस घरी पोहोचलेला असतो. रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१.

आमची फेरी

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लॅगिंग खोलणं आणि जाडी मोजणं. जुलैअखेर सेफ्टी व्हॉल्व्ह बेंचवर तपासून बसवणं, प्रेशर टेस्ट आणि ऑपरेटरसोबत मास्कचा सराव. सेफ्टी व्हॉल्व्हची नळी जमिनीपासून १५ फुटांच्या वर आणि शेजारच्या खिडक्यांपासून दूर आहे ना, हेही तेव्हाच बघतो. आम्ही येण्याआधी लाइनचा नकाशा (हाताने काढलेला चालेल), मागच्या वर्षीच्या जाडीच्या नोंदी आणि रिसिव्हरच्या नेमप्लेटचा फोटो तयार ठेवा. नेमप्लेट रंगाखाली गेली असेल तर खरवडू नका, रंग काढायचं रसायन आम्ही आणतो.